बॅरिटोनचे टेनर झालेले कार्लो बेर्गोन्झी: त्यांचा आवाज इतकी वर्षे टिकला कसा?

प्रश्न: षड्जपंचम

सप्रेम नमस्कार. सध्या कार्लो बेर्गोन्झी (१९२४–२०१४) या इटालियन गायकाच्या ध्वनिमुद्रणांनी मला झपाटले आहे. १९५९ साली हर्बर्ट फॉन कारायान यांच्या संचालनाखाली व्हिएन्नात मुद्रित झालेला संगीतकार व्हेर्दींचा ‘आईदा’ हा ऑपेरा, म्हणजे गायनातून सादर होणारे संगीतनाटक, मी खरे तर गायिका रेनाता तेबाल्दी यांच्यासाठी लावला होता. परंतु पडदा उघडल्यावर थोड्याच वेळात नायक राडामेसचे ‘चेलेस्ते आईदा’ हे गाणे सुरू झाले आणि माझे सारे लक्ष त्या आवाजाकडे गेले. स्वर कोठेही ढकललेला वाटत नाही, एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाताना मध्ये सांधा जाणवत नाही, आणि तरीही प्रत्येक शब्द स्वच्छ कानी पडतो.

त्यांच्या कारकिर्दीविषयी वाचताना दोन गोष्टींचा नीट उलगडा झाला नाही. पहिली अशी की, त्यांनी १९४८ साली बॅरिटोन (मध्यम उंचीचा पुरुषी आवाज) म्हणून पदार्पण केले आणि १९५१ साली ते टेनर (उंच पुरुषी आवाज) म्हणून रंगमंचावर आले. हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेल्या मला हा बदल नेमका किती मोठा होता, याचा अंदाज येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या पिढीतील ज्युझेप्पे दि स्तेफानो यांचा आवाज चाळिशीतच खालावला, फ्रांको कोरेल्ली यांनी १९७६ च्या सुमारास रंगमंच सोडला, आणि बेर्गोन्झी मात्र साठी उलटून गेल्यावर, १९८८ सालीही न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात गात होते. ही केवळ निसर्गाची देणगी मानावी, की त्यामागे काही विचारपूर्वक केलेली साधना होती? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: मंद्रसप्तक

प्रश्न फार चांगला आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्याकडे गायक स्वतःच्या गळ्याला मानवेल ती पट्टी धरतो. काळी एक असो की पांढरी चार, बंदिश तीच राहते. ऑपेरात ही मुभा जवळजवळ नसते. संगीतकाराने स्वर कायमचे लिहून ठेवलेले असतात, भला मोठा वाद्यवृंद त्याच स्वरांत वाजणार असतो, आणि मायक्रोफोनचा आधार न घेता त्या वाद्यवृंदाच्या पलीकडे, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा असतो. त्यामुळे टेनर, बॅरिटोन आणि बास (सर्वांत खालचा आवाज) हे प्रकार केवळ आवाजाची उंची दाखवीत नाहीत, तर कोणती पात्रे आपल्या वाट्याला येणार हेही त्यांवरून ठरते. व्हेर्दींच्या ऑपेरांत प्रियकर बहुधा टेनर असतो, आणि त्याचा प्रतिस्पर्धी किंवा नायक-नायिकेपैकी एखाद्याचा बाप बॅरिटोन. बेर्गोन्झींनी ‘ला त्राव्हियाता’त बाप जेर्मोन्त गायला होता, पुढे त्याच ऑपेरात त्यांना मुलगा आल्फ्रेदो गायचा होता. पाठ असलेल्या भूमिका बाजूला ठेवून, शरीराला लागलेल्या सवयी मोडून, जवळपास नव्याने उभे राहण्याइतका हा बदल मोठा होता.

त्यांचा जन्म १३ जुलै १९२४ रोजी उत्तर इटलीत, पार्मा प्रांतातील व्हिदालेन्झो या खेड्यात झाला. व्हेर्दींचे बुस्सेतो तेथून अगदी जवळ आहे, आणि खुद्द व्हेर्दींचे आईवडील उतारवयात याच व्हिदालेन्झोत राहत होते. बेर्गोन्झींचे वडील पार्मेझान चीज बनविण्याच्या कामावर होते आणि मुलगाही लहान वयातच शाळा सोडून त्याच कामाला लागला. या भागात ऑपेरा ही श्रीमंतांची चैन नव्हती. चीजच्या कारखान्यातला मजूरही व्हेर्दींच्या चाली गुणगुणत असे आणि पार्म्याच्या थिएटरात वरच्या गॅलरीतले श्रोते चुकलेल्या गायकाची गय करीत नसत. पार्म्याच्या आरीगो बोइतो संगीत विद्यालयात एत्तोरे काम्पोगाल्लियानी यांच्याकडे त्यांचे शिक्षण सुरू झाले. हेच काम्पोगाल्लियानी तेबाल्दी, मिरेल्ला फ्रेनी आणि लुचानो पाव्हारोत्ती यांचेही गुरू, म्हणजे कान तयार असलेला माणूस. त्यांनी या मुलाचा आवाज बॅरिटोनचा ठरविला. पुढे युद्ध आले, जर्मनांच्या कैदेत दिवस काढावे लागले, सुटकेनंतर विषमज्वराने गाठले, आणि शरीर पार खंगलेल्या अवस्थेत ते पुन्हा विद्यालयात परतले.

१९४८ साली लेच्चे येथे रोस्सिनींच्या ‘सेव्हिलच्या न्हाव्या’तील फिगारो गाऊन त्यांनी पदार्पण केले. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत जेर्मोन्त, ‘बोहेम’मधील मार्चेल्लो, ‘मादाम बटरफ्लाय’मधील शार्पलेस अशा भूमिका त्यांनी केल्या. आवाज खालच्या सप्तकात पुरेसा भरदार नाही आणि वर मात्र सहज जातो, हे या काळात त्यांच्या लक्षात येत गेले. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी. टेनर होण्यासाठी ते दुसऱ्या गुरूकडे गेले नाहीत. घरी बसून, एन्रिको कारुझो, बेन्यामिनो जिल्यी, तितो स्किपा आणि आउरेलियानो पेर्तिले या चौघांच्या ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा ऐकून त्यांनी काही महिन्यांत स्वतःचा आवाज नव्याने घडविला. हे चौघेही परस्परांहून इतके वेगळे आहेत की त्यांच्यापैकी कोणा एकाची नक्कल होणे शक्यच नव्हते. स्किपांचा आवाज लहान, पण वापरण्याची अक्कल मोठी. पेर्तिलेंचा नाद फारसा गोड नाही, पण शब्दांत आग. प्रत्येकाकडून काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे शिष्याने स्वतःच ठरविले.

१२ जानेवारी १९५१ रोजी बारी शहरातील पेत्रुझ्झेल्ली थिएटरात जोर्दानो यांच्या ‘आंद्रेआ शेनिए’मध्ये ते प्रथम टेनर म्हणून उभे राहिले आणि त्याच दिवशी त्यांना पहिला मुलगा झाला.

माझ्या मते त्यांची खरी घडण झाली ती याच वर्षी, आणि तीही रंगमंचापेक्षा रेडिओवर अधिक. व्हेर्दींच्या निधनाला १९५१ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने इटालियन नभोवाणीने त्यांचे ऑपेरा प्रसारित केले, आणि बेर्गोन्झींच्या वाट्याला ‘इ दुए फोस्कारी’, ‘जोव्हान्ना दार्को’ आणि ‘सिमोन बोक्कानेग्रा’ आले. पहिले दोन तर तेव्हा क्वचितच कोणी गात असे. ऐकून उचलता येईल असा नमुना समोर नसल्यामुळे व्हेर्दींनी कागदावर काय लिहिले आहे, हेच वाचावे लागले. कोठे हळू, कोठे जोरात, कोठे श्वास आणि कोठे नाही, ही सर्व चिन्हे गंभीरपणे घेण्याची सवय त्यांना लागली ती बहुधा येथे. १९५३ मध्ये मिलानचे ला स्काला ऑपेरागृह, १९५५ मध्ये शिकागो आणि १३ नोव्हेंबर १९५६ रोजी ‘आईदा’तील राडामेस गाऊन मेट्रोपोलिटन ऑपेरा, असा पुढचा प्रवास वेगाने झाला.

प्रतिसाद: कंठसाधना

मी पाश्चात्य पद्धतीचे गायन शिकते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाच्या तांत्रिक बाजूविषयी लिहिते.

पुरुषाचा आवाज खालून वर चढत जाताना एका ठिकाणी अडखळतो. या जागेला इटालियन गायक ‘पासाज्जो’ म्हणतात, आणि टेनरच्या बाबतीत ती साधारणपणे मध्य सप्तकाच्या वरच्या ‘मी’, ‘फा’ आणि तीव्र ‘फा’च्या आसपास येते (दो, रे, मी, फा, सोल, ला, सी ही पाश्चात्य स्वरांची नावे). तेथून वर जाताना स्वराचा उच्चार उघडा ठेवला तर त्याचा ओरडा होतो. म्हणून गायक ‘आ’ किंचित ‘ओ’कडे झुकवून, आवाज आतून गोल करून तो पल्ला ओलांडतात. बॅरिटोनची ही जागा थोडी खाली असते. ज्याने बॅरिटोन म्हणून सवय लावून घेतली आहे, तो टेनरच्या स्वरांकडे जाताना खालचे वजन वर ओढत नेतो, आणि अशा गळ्याची काही वर्षांतच वाट लागते. बेर्गोन्झींनी उलट दिशेने विचार केला. त्यांनी मधला भाग हलका केला, श्वासाचा आधार खाली, बरगड्यांपाशी आणि पोटापाशी राखला, आणि गळ्यावर भार येऊ दिला नाही.

आपण उल्लेखिलेले ‘चेलेस्ते आईदा’ याच दृष्टीने पुन्हा ऐकावे. टेनर गायक या गाण्याला घाबरतात, आणि त्याला कारणे आहेत. एक तर पडदा उघडल्यावर गळा तापण्याआधीच ते गावे लागते. दुसरे म्हणजे चाल खालून चढत पुन्हापुन्हा त्या वरच्या ‘फा’पाशी येऊन ठेपते, म्हणजे नेमकी सांध्याच्या जागी, आणि तेही मोठ्याने ओरडून निभावता येईल अशा ठिकाणी नव्हे, तर आर्जवाच्या, प्रेमाच्या शब्दांवर. शेवटी येतो तो वरचा कोमल ‘सी’. त्यावर व्हेर्दींनी ‘अतिशय मृदू’ आणि ‘विरत जाणारा’ अशा सूचना लिहिल्या आहेत. बहुसंख्य गायक मात्र तो पूर्ण ताकदीने लावून टाळ्या घेतात. या गाण्यात बेर्गोन्झी प्रत्येक ‘फा’ वेगळा, पण त्याच धाग्यात ओवलेला लावतात. ओळीचा शेवट आणि पुढच्या ओळीचा आरंभ एका श्वासात जोडताना त्यांचा दमसास कोठेही उघडा पडत नाही. आपल्या मींडेशी नाते सांगणारा ‘पोर्तामेंतो’ ते अगदी मोजका वापरतात, म्हणून तो भावनेच्या जागी येतो, सवयीने येत नाही.

कान देऊन ऐकल्यास आणखी एक खूण सापडेल. त्यांचा ‘स’ बरेचदा ‘श’कडे झुकतो. एमिलिया प्रांताच्या बोलीत ही लकब असते आणि ती त्यांनी आयुष्यभर लपविली नाही. मला ती फार प्रिय आहे.

भूमिकांच्या निवडीविषयीही सांगायला हवे. बेर्गोन्झी एकीकडे राडामेस, ‘इल त्रोव्हातोरे’तील मानरीको आणि ‘ला फोर्झा देल देस्तीनो’तील आल्व्हारो यांसारख्या जड भूमिका गात असत, तर दुसरीकडे दोनित्सेत्तींचे नेमोरीनो आणि एद्गार्दो, आल्फ्रेदो, पुच्चिनींचा रोदोल्फो अशा हलक्या भूमिका त्यांनी सोडल्या नाहीत. माझ्या गुरू विद्यार्थ्यांना हे उदाहरण नेहमी देतात: हलकी भूमिका जोवर गाता येते, तोवर जड भूमिकेने गळ्याचे नुकसान केलेले नाही, असे समजावे. दि स्तेफानो यांचा आवाज जन्मतः अधिक सुंदर होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पण ते वरचे स्वर उघडे लावत आणि पेलणार नाहीत अशा भूमिकांकडे फार लवकर वळले. देणगीचा वाटा असतोच; मात्र या दोघांच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्यावर साधनेचा वाटा किती मोठा आहे, ते कळते.

प्रतिसाद: तिसरी घंटा

वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी नाटकाच्या बाजूने एक आक्षेप नोंदविणे मला आवश्यक वाटते. ऑपेरा हे नाटकही आहे. बेर्गोन्झी बुटके आणि स्थूल होते, आणि त्यांच्या ठरावीक हातवाऱ्यांवर समीक्षकांनी वर्षानुवर्षे टीका केली. २७ जानेवारी १९६१ रोजी मेट्रोपोलिटनमध्ये कोरेल्ली ‘इल त्रोव्हातोरे’त प्रथम आले, त्या रात्रीच गायिका लिओन्टिन प्राइस यांचेही तेथे पदार्पण झाले. उंच, देखणे, तलवार हातात शोभणारे कोरेल्ली आणि त्यांचा लांबविलेला वरचा स्वर, यांनी प्रेक्षक अक्षरशः वेडे होत. त्या थराराला बेर्गोन्झींच्या गाण्यात पर्याय नाही. त्यांचा आवाज आकाराने प्रचंड नव्हता, अगदी वरचा ‘दो’ हे त्यांचे बलस्थान कधीच नव्हते, आणि उत्तरकाळात वरचे स्वर किंचित उतरलेले लागत, हेही खरे आहे.

तरीही त्यांना अभिनय येत नव्हता, असे मी म्हणणार नाही, कारण त्यांचा अभिनय आवाजात होता. ‘उन बाल्लो इन मास्केरा’तील रिकार्दो ऐका. ज्योतिषीण त्याच्या मृत्यूचे भाकीत करते आणि तो ‘ही थट्टा आहे की वेडेपणा’ असे म्हणत हसण्यावारी नेतो. त्या हसऱ्या ओळींत बेर्गोन्झी राज्यकर्त्याचा डौल, मित्रांसमोरचा मोकळेपणा आणि मनात चुकचुकलेली पाल, हे तिन्ही एकाच वेळी दाखवितात. शेवटच्या अंकात प्रेयसीला दूर पाठविण्याचा निर्णय घेतानाचे त्यांचे गाणे ऐकताना समोर कोणता देह उभा आहे, याचा विचारही मनात येत नाही. नुसत्या आवाजावर हे साधणारा गायक माझ्या दृष्टीने नटच आहे.

षड्जपंचम

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न विचारतो. व्हेर्दींचे इतके ऑपेरा गाणाऱ्या बेर्गोन्झींनी ‘ओतेल्लो’ रंगमंचावर टाळला आणि पंचाहत्तरीत मात्र तो गायला घेतला, असे वाचले. आयुष्यभर पाळलेला संयम त्यांनी शेवटी का मोडला असावा? तसेच, पुढे काय ऐकावे, तेही सुचवावे.

प्रतिसाद: मंद्रसप्तक

होय, ती घटना ३ मे २००० ची, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली. ईव्ह क्वेलर यांच्या संचालनाखाली ‘ओतेल्लो’ मैफलीच्या स्वरूपात, म्हणजे वेशभूषा आणि नेपथ्याविना सादर होणार होता. श्रोत्यांत पाव्हारोत्ती, प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास हे तिघेही बसले होते. बेर्गोन्झी दोन अंक गायले आणि पुढे गाऊ शकले नाहीत. उरलेले दोन अंक आन्तोनियो बारासोर्दा या टेनरने पूर्ण केले. कपडे बदलण्याच्या खोलीतील वातानुकूलनामुळे घसा बिघडला, असे कारण सांगितले गेले.

ही भूमिका १८८७ साली प्रथम फ्रांचेस्को तामान्यो यांनी गायली. तामान्योंचा आवाज कर्ण्यासारखा होता, असे त्यांचे समकालीन सांगत. ओतेल्लोला जोरकस पितळी वाद्यांवर मात करीत मधल्या स्वरांत बराच वेळ आवेशाने बोलल्यासारखे गावे लागते, आणि नेमक्या याच गोष्टीने हलक्या बांधणीचा गळा खरवडून निघतो. बेर्गोन्झींनी ऐन भरात ती संपूर्ण भूमिका टाळली, ते याच हिशेबाने. १९७० च्या दशकात फिलिप्स कंपनीसाठी त्यांनी व्हेर्दींची टेनरसाठीची ३१ गाणी, ‘ओबेर्तो’पासून ‘फाल्स्टाफ’पर्यंत, तीन तबकड्यांवर मुद्रित केली. इतके काम एकट्याच्या आवाजात करून झालेल्या माणसाला ती एक भूमिका अपुरी राहिल्याची रुखरुख लागली असेल, तर ते मला स्वाभाविक वाटते. १९९६ च्या एप्रिलमध्ये याच सभागृहात त्यांचा निरोपाचा कार्यक्रम होऊन गेला होता. आता गळा राखून ठेवण्याचे कारणच उरले नव्हते. मग जे आयुष्यभर टाळले ते एकदा करून पाहण्यात गमावण्यासारखे फार थोडे होते. त्या रात्रीवरून कोणी त्यांचे मोजमाप करू नये, असे मला कळकळीने वाटते. मेट्रोपोलिटनमध्येच ते ३०० हून अधिक वेळा गायले आहेत; मोजमाप करायचे तर त्या रात्रींवरून करावे.

त्यांनी बुस्सेतोत ‘इ दुए फोस्कारी’ याच नावाचे हॉटेल काढले होते, आणि त्याच गावात ते तरुण गायकांना शिकवीत. साल्व्हातोरे लिचित्रा हा त्यांचाच शिष्य. मे २००२ मध्ये पाव्हारोत्तींनी आयत्या वेळी माघार घेतली तेव्हा मेट्रोपोलिटनच्या ‘तोस्का’त तो त्यांच्या जागी उभा राहिला आणि एका रात्रीत जगाला माहीत झाला. दुर्दैवाने २०११ मध्ये सिसिलीतील स्कूटर अपघातानंतर तो ऐन उमेदीत गेला. बेर्गोन्झी स्वतः २५ जुलै २०१४ रोजी मिलानमध्ये निवर्तले; त्यांचे दफन व्हिदालेन्झोतच झाले.

आता ऐकण्याविषयी. संचालक तुल्लिओ सेराफिन यांनी तेबाल्दींसह केलेले ‘मादाम बटरफ्लाय’ (१९५८) आणि ‘ला बोहेम’ (१९५९) आधी घ्यावेत, कारण तेथे आवाज अगदी ताजा आहे. त्यानंतर संचालक गेओर्ग शोल्टी यांचा ‘उन बाल्लो इन मास्केरा’, ज्यात गायिका बिर्गिट निल्सन यांच्या प्रचंड आवाजासमोर बेर्गोन्झी जराही न ओरडता टिकून राहतात. शोल्टींचाच १९६५ चा ‘डॉन कार्लो’ मात्र घाईने ऐकू नये. तो पाच अंकी आहे, त्यात तेबाल्दी, निकोलाय घ्याउरोव्ह, ग्रेस बम्ब्री आणि डीट्रिश फिशर-डिसकाऊ असे सर्व जण आपापल्या परीने मोठे आहेत, आणि नायक असूनही कार्लोच्या वाट्याला टाळी घेणारे गाणे फारसे येत नाही. संहिता हाताशी ठेवून एका बैठकीत एक अंक, अशा गतीने तो ऐकावा, आणि पहिल्या अंकातील फोंतेनब्लोच्या अरण्याचा प्रवेश वगळू नये.